आकडा दाराशी येतो तेव्हा

नांदगावसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात जुगाराचा विषय निघाला की आपण माणसाच्या लोभाला दोष देऊन मोकळे होतो. आमच्या मते हा प्रश्न जितका लोभाचा, तितकाच अंतराचा आहे.

मटक्याचाच इतिहास पाहा. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी व १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत मांडलेला हा खेळ गिरणगावात फोफावला. गिरणी कामगार इतरांहून अधिक लोभी होते काय? मुळीच नाही. दाटीची खोली, पाळीची नोकरी, हाती रोख पगार, आणि आकडा घेणारा चाळीच्या तोंडाशीच उभा. क्षुल्लक रकमेवरही खेळता येई. (घोड्यांच्या शर्यतीसाठी निदान महालक्ष्मीपर्यंत जावे तरी लागे!) जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनच होता, पण कायदा दूर आणि बुकी जवळ.

गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत खेळण्यास मज्जाव केला, त्यामागेही हीच जाण असावी. मोबाइलने तर अंतरच मिटवले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तोवर हा अड्डा शेतमजुराच्याही खिशात पोहोचला होता.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४१३) नशिबाचे खेळ मुळात अन्यायकारक मानत नाही. कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यांत गेला की ते अग्राह्य ठरतात. परंतु जेथे गरजेपलीकडचा पैसाच नसतो, तेथे लावलेला प्रत्येक रुपया गरजेचाच असतो. अशा वस्तीतील तरुणाला सायंकाळी जवळ असे काय आहे? वाचनालय, मैदान, बचतगट? आपल्या धर्मग्रामांची सभागृहे त्या वेळी कुलूपबंद का असतात, हे पुढील पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत अवश्य विचारावे.