कानातला बिल्ला कोणाच्या नावावर?

आज धार काढायला गोठ्यात गेलात की एक काम करा. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक वहीत उतरवून घ्या. मग दवाखान्यात जाऊन विचारा, हा क्रमांक कोणाच्या नावावर आहे?

पूर्वी अशा क्रमांकावाचून आपलं अडत नव्हतं. ठाणगावच्या डोंगराकडचा डांगी बैल अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून लांबूनच ओळखू येई. आता वावी-पाथऱ्याकडच्या गोठ्यात दहा संकरित गाई उभ्या असल्या, तर कोणती कोणती हे घरची बाईच सांगू जाणे. डॉक्टरला, विमेवाल्याला क्रमांकच लागतो. शिवाय १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. तेव्हा बिल्ला मारून घ्यायचं तुम्हांला सांगायला नको. घोडं अडतं ते पुढे.

गाय विकली. पैसे मोजले, दावं हाती दिलं, चहा झाला. बिल्ला गाईबरोबर गेला, नाव मात्र मागच्याच दारात राहिलं! २०२४ साली गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान निघालं, तेव्हा बिल्ला, मालकाचं आधार आणि बँकेचं खातं यांची जोड मागितली गेली. दूध एक घालतो आणि गाय नोंदीत दुसऱ्याची, मग पैसे जमा व्हावेत कसे? २०२२ च्या लम्पीच्या साथीत दगावलेल्या गाईमागे ३० हजारांची सरकारी मदत होती. आता बिबट्याने जनावर मारलं किंवा वीज पडून गेलं, तरी बिल्ला नसेल तर भरपाई नाही. आपल्या तालुक्यात बिबट्याची गोष्ट काही गोष्टीपुरती नाही, हे रात्री उसाला पाणी देणाऱ्याला विचारा.

म्हणून सौदा झाला की घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन 'भारत पशुधन' नोंदणीत मालकाचं नाव बदलून घ्यावं. आधार कार्ड बरोबर न्या. मोबाइलचा नंबरही चालू असलेलाच द्या. पोरगं स्वस्तातलं नवं कार्ड घेतं, जुना नंबर बंद पडतो आणि नोंदीत तोच राहतो, असं घरोघरी चालतं. गाय घेतानाही आधी क्रमांक दाखवून लसीकरणाची, रेतनाची नोंद पाहा. तोंडी 'दुसऱ्या वेताची आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

जनावर मेलं तर तेही कळवा. बिल्ला काटेरी कुंपणात अडकून तुटला, तर नवा मारून घेताना जुन्या क्रमांकाशी त्याची जोड करायला सांगा, म्हणजे आधीची नोंद वाया जात नाही. विमा असेल तर कंपनीलाही नवा क्रमांक लगेच लेखी द्या. बिल्ला नाही तर दावा नाही, असा त्यांचा खाक्या आहे. आणि पावसाळ्यात नवा बिल्ला मारलात, तर कान बरा होईपर्यंत माशा बसू देऊ नका.