काटक माणसालाही साखर होते

दौंड-शिरूरच्या ऊसपट्ट्यात प्रत्येक तक्रारीला एक कारण तयार असते. घसा कोरडा पडला तर ऊन, अंग गळाले तर कामाचा ताण, दिसायला अंधूक झाले तर वय. पायाची जखम चिघळली तर पाचटाने कापले होते म्हणून. ही कारणे बहुतेक वेळा खरीही असतात, आणि त्यांच्याच आड मधुमेह वर्षानुवर्षे लपून राहतो.

उन्हाची तहान आणि साखरेची तहान यांत एक फरक मात्र घरच्या घरी ओळखता येतो. घामाने पाणी गेलेल्या माणसाला लघवी कमी होते आणि ती गडद पिवळी असते. साखर वाढलेला माणूस पाणी पितच राहतो, तरी लघवी भरपूर आणि फिकट होते. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. त्याच सुमारास भूक चांगली असूनही वजन उतरू लागले, गुप्तांगाला वारंवार खाज सुटू लागली, चष्म्याचा नंबर महिन्या-दोन महिन्यांत बदलला, तर नवा चष्मा करण्याआधी रक्त तपासावे. साखर चढ-उतार करत असताना डोळ्याचे भिंगही बदलते, त्यामुळे तो नंबर टिकत नाही. मानेवर मागच्या बाजूला मखमलीसारखा काळा, जाडसर पट्टा दिसत असेल तर तो मळ समजून घासत बसू नये. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते.

लहान मुलांचे प्रकरण वेगळे आणि तातडीचे असते. बिछाना ओला करणे बंद झालेले मूल पुन्हा करू लागले, वाळत चालले, सारखे पाणी मागू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास सुरू झाला तर दृष्ट काढण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पण लक्षणांची वाट पाहणे हाच मोठ्यांच्या बाबतीत धोक्याचा मार्ग आहे. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्यावरच मूत्रपिंडे ती लघवीत सोडू लागतात आणि तहान-लघवीचे चक्र सुरू होते. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर म्हणजे मधुमेह. या दोन आकड्यांमधल्या माणसाला काहीही जाणवत नाही. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा मात्र झिजत असतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात, नव्याने निदान झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरात तोवर काही ना काही गुंतागुंत होऊन गेलेली आढळली होती.

‘मी कुठे जाडा आहे?’ हा दुसरा आडोसा. त्याला उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या माता-बालकांच्या अभ्यासातही जन्मतः हडकुळी दिसणारी बाळे स्नायूंना कमी पण चरबीला फारशी कमी नसल्याचे दिसले होते. म्हणजे दिवसभर ऊस तोडणाऱ्या काटक माणसानेही निर्धास्त राहू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर.

सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात मोफत करायची आहे. आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरून घेतात. अडते ते वेळेत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला कामगार, पहाटे फडात शिरलेली टोळी किंवा गुऱ्हाळावरचा गुळव्या सकाळी दहाला उपाशीपोटी उपकेंद्रात कसा येणार? तपासणीनेच पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर आणि गाळप हंगामात टोळ्यांच्या कोप्यांवर जायला हवे. हंगामापुरत्या आलेल्या मजुरांना निकालाचा कागद हातात मिळावा, म्हणजे गावी परतल्यावर तिथल्या डॉक्टरला तो दाखवता येईल.

शिबिरांबद्दलही बोलायला हवे. वाढदिवसानिमित्त बोटाला सुई टोचून आकडा सांगायचा आणि मंडप उतरवायचा, याने फोटोपलीकडे काही साधत नाही. बोटाच्या थेंबावरचा आकडा ही केवळ सूचना असते. निदान शिरेतल्या रक्ताच्या तपासणीवर होते, आणि त्रास काहीच नसेल तर तीही पुन्हा करून खात्री करावी लागते. कोणाचा आकडा जास्त आला, त्यांतले किती जण पुढच्या तपासणीला पोहोचले, याची यादी आरोग्य केंद्राने ठेवावी आणि ग्रामसभेने नावे न घेता त्याची संख्या विचारावी. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला कोणाचीच आडकाठी नसावी.