गंगेवरचं नाशिक पायी बघा

नाशिकला पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या हातात जी यादी पडते ती बहुधा ठरलेली असते. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन. वेळ उरला तर पांडवलेणी, नाहीतर थेट त्र्यंबकेश्वर. रिक्षा प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबते, दर्शन होतं, फोटो निघतात आणि पाहुणा दुपारच्या आत मोकळा होतो. या ठिकाणांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती यादीतून जे निसटतं त्याबद्दल. जुन्या नाशकात बघण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एका चढत्या-उतरत्या नदीशी जुळवून घेत वसलेलं शहर, आणि ते सुट्या ठिकाणांवर उतरून दिसत नाही, काठाकाठानं चालल्यावरच दिसतं. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात, घाटावर जायचं असेल तर ‘गंगेवर जातो’ म्हणतात. हे गंगेवरचं नाशिक एकसंध आहे असं मानून ते दाखवायला आणि जपायला हवं. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, आणि सिंहस्थाच्या तयारीत काठावर जे काम होतं ते पुढची निदान बारा वर्षं तसंच राहतं. म्हणून हा प्रश्न आत्ताचा आहे.

नदीच्या पात्रातच उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीपासून सुरुवात करू. पर्यटकाला ती एक मोठी मूर्ती वाटते, पण नाशिककरांसाठी ती पुराची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेकचा विसर्ग सुरू आहे हे बातम्यांत येतं, पण शहरात विचारलं जातं ते पाणी मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीपर्यंत आलं का. मूर्ती पूर्ण बुडाली की काठावरच्या दुकानदारांनी माल वर हलवलेला असतो. तिथून जवळच नारोशंकराचं रामेश्वर मंदिर आहे. नारोशंकर राजेबहाद्दर हे पेशव्यांचे झाशीचे सुभेदार. 1747 साली त्यांनी हे देवालय बांधलं. त्याच्या तटावर टांगलेली घंटा चिमाजीअप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतली, पोर्तुगीज बनावटीची, 1721 हे साल कोरलेली. वसईच्या विजयाची खूण म्हणून मार्गदर्शक ती दाखवतात आणि ते बरोबरच आहे. पण या घंटेला पाणी लागलं की महापूर आला, असंही नाशकात पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. लढाईतून आलेली ही घंटा गावानं आपल्या नदीच्या कामाला लावली. हे कळायला मंदिराबरोबर पात्रही दिसावं लागतं, आणि दोन्ही एका नजरेत दिसतात ती काठावर उभं राहूनच. तीच गोष्ट सांडव्यांची. पात्रात दगडी बांध घालून केलेल्या या वाटांवरून पाणी ओसरलं की माणसं ये-जा करायची आणि पाणी वाढलं की नदीला वाट मोकळी करून द्यायची. सांडव्यावरची देवी हे मंदिराचं नावच या वाटेवरून पडलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आताचा होळकर पूल, झाला. त्याआधी पंचवटी आणि नाशिक जोडलेले होते ते अशाच तात्पुरत्या, नदीच्या परवानगीच्या वाटांनी.

पूल ओलांडून पलीकडे गेलं की पर्यटकांची गर्दी एकदम ओसरते, आणि माझ्या मते खरा ठेवा तिथूनच सुरू होतो. पुलाजवळच सुंदरनारायणाचं मंदिर आहे, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी 1756 मध्ये बांधलेलं. पुढे सराफ बाजारात पेशव्यांचा सरकारवाडा, भांडी बाजारात पितळेच्या समया आणि तांब्याच्या घागरींच्या उतरंडी, तांबट गल्लीत ठोक्यांचा आवाज. शहरातलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे. महाराष्ट्रात इतकी जुनी वाचनालयं मोजकीच. मोगल अमलात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, आणि त्या नाशकाकडे पाहायचं तर बडी दर्गा आणि तिच्या आसपासचे मोहल्ले चालायला हवेत. आणि नदीच्या अगदी कडेला मातीची गढी. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनकाळ आणि पुढे मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे थर या एका उंचवट्यात एकावर एक सापडले. पश्चिम भारताच्या पुरातत्त्वात ज्या नाशिक-जोर्वे उत्खननाचा आजही दाखला देतात, त्यातलं नाशिक ते हेच. आज गढीवर दाट वस्ती आहे, पावसाळ्यात तिची नदीकडची बाजू ढासळते, दरवर्षी तिथल्या कुटुंबांना स्थलांतराच्या नोटिसा निघतात. एवढं महत्त्वाचं स्थळ काय आहे हे समजेल असा एक नीट फलकही पर्यटकाच्या वाटेवर येत नाही.

या भागातली माझ्या दृष्टीनं सर्वांत विलक्षण गोष्ट तर वर्षातले जवळजवळ सगळे दिवस डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या नाशकात आणि पंचवटीत काही चौकांच्या पोटात रहाडी आहेत. पेशवेकाळापासूनचे, दगडांनी बांधलेले खोल हौद. एरवी त्यांच्यावर जाड लाकडी ओंडके आणि माती घालून रस्ता सारखा केलेला असतो, वरून वाहनं जातात. रंगपंचमीला त्या उघडतात, पूजा होते, मानकरी घराण्याचा मान होतो, फुला-पानांपासून उकळून केलेला रंग त्यात पडतो आणि मग लोक धप्पा, म्हणजे उडी, मारायला रांगा लावतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, तांबट गल्ली, शनी चौक ही नावं त्या दिवशी सगळ्या शहराच्या तोंडी असतात. रहाड ही एकाच वेळी वास्तू आहे, उत्सव आहे, पाण्याच्या व्यवस्थेची आठवण आहे आणि गल्लीची ओळख आहे. ठिकाणांच्या यादीत ती बसत नाही, कारण उरलेले दिवस तिथे फक्त रस्ता असतो. पण तिवंधा चौकातून जाताना पायाखाली काय आहे हे पाहुण्याला माहीत असेल, तर त्याचं चालणंच बदलतं.

काळारामाबद्दलही हेच म्हणता येईल. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेलं, रामशेजच्या काळ्या दगडातलं हे देऊळ शिल्पासाठी नावाजलं जातं. पण 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ज्या दारांसमोर सत्याग्रह सुरू झाला, तीच ही दारं. हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष मिरवणुकीनं आले आणि दारं बंद झाली. त्या वर्षीच्या रथोत्सवात संघर्ष झाला, सत्याग्रह काही वर्षं रेंगाळत चालला आणि ऑक्टोबर 1935 मध्ये याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. काळारामाची दारं ते येवला हे अंतर भारताच्या विसाव्या शतकातल्या मोठ्या वळणांपैकी एक आहे. जो पाहुणा गाभाऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि हे ऐकत नाही, त्यानं देऊळ अर्धंच पाहिलं. रामकुंडाचंही तसंच. गोपिकाबाई पेशव्यांनी डागडुजी केलेल्या याच कुंडात महात्मा गांधींच्या अस्थी विसर्जित झाल्या. श्रद्धेचा आणि राजकारणाचा इतिहास इथे वेगवेगळ्या खणांत ठेवता येत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप गर्दीचा. सिंहस्थात इथे लाखो माणसं येतात; अरुंद उतार, सांडवे आणि जुन्या पायऱ्या जपत बसलो तर माणसं चेंगरतील. हे काल्पनिक भय नाही. 27 ऑगस्ट 2003 रोजी काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसं गेली. त्या मृत्यूंपुढे वारशाची कोणतीही भाषा थिटी आहे, आणि जिवापेक्षा दगड मोलाचा असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर काय केल्यानं फरक पडला ते पाहावं. 2015 च्या सिंहस्थात साधूंच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला, टाकळी, दसक, नांदूर अशा खालच्या अंगाला नवे घाट बांधून स्नानाची गर्दी विभागली, आणि माणसांचा ओघ आधीच अडवून सोडला. जुना काठ तोडून रुंद केल्यानं सुरक्षितता आली असं तिथे घडलेलं नाही. उलट 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरात नदीचा तळच काँक्रीटनं बांधून काढला गेला. त्याखाली जुनी कुंडं आणि पात्रातले जिवंत झरे बंद झाले. गर्दीसाठी केलेल्या त्या कामानं उन्हाळ्यात नदीला स्वतःचं पाणी उरलं नाही आणि पर्वणीला धरणातून पाणी सोडण्यावरची भिस्त वाढली. पुढे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, काही भागांतलं काँक्रीट काढावं लागलं. एकदा घालून पुन्हा काढायचा हा खर्च लोकांच्याच पैशातून झाला. 2025 च्या अखेरीस साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात जे रण पेटलं, त्याच्या मुळाशीही हाच अनुभव होता.

दुसरा आक्षेप असा की भाविकाला इतिहास नको असतो, दर्शन हवं असतं. मला हे भाविकांना कमी लेखणं वाटतं. घाटावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळींच्या वह्या असतात. कुणाचे पणजोबा कधी आले, कुठल्या गावाहून आले, बरोबर कोण होतं, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आल्या आहेत. लांबून आलेली माणसं विधी आटोपल्यावर आपल्या पूर्वजांची सही किंवा अंगठा शोधत त्या वह्यांवर वाकतात. ज्याला आपल्या घराचा इतिहास एवढ्या ओढीनं पाहावासा वाटतो, त्याला गावाचा इतिहास ऐकण्यात रस नसेल असं मानायला काही आधार नाही. त्याला तो कुणी सांगत नाही, इतकंच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण तो इथे राहणाऱ्यांचा आहे. काठावरच्या आणि पेठांतल्या वाड्यांची लाकडं कुजली आहेत, दर पावसाळ्यात कुठला ना कुठला वाडा कोसळतो, भाडी वर्षानुवर्षं तीच आहेत, मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू हक्क जाईल म्हणून बाहेर पडत नाही. त्यात 2008 च्या महापुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, त्यामुळे पुनर्बांधणीही अडते. अशा घरात राहणाऱ्या बाईला पाहुण्यांसाठी तुमचा वाडा जपा असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणूनच मी काठाचं संग्रहालय करा असं म्हणत नाही. वारसा वास्तूच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूद राज्याच्या नियमावलीत आहे. ती प्रत्यक्षात सोपी करणं, धोकादायक वाड्यातल्या भाडेकरूंना लेखी हमी देऊन तात्पुरतं हलवणं, आणि गढीवरच्या कुटुंबांचं पावसाळ्यापुरतं नव्हे तर कायमचं पुनर्वसन करणं, ही कामं आधी. पायी फिरणाऱ्या पाहुण्यांचा पैसा चहाच्या टपरीला, भांड्यांच्या दुकानाला आणि गल्लीतल्या वाटाड्या पोराला मिळतो. रिक्षातून पाच ठिकाणं पाहणाऱ्याचा पैसा तिथवर पोचत नाही.

नदीच मैली असताना काठ काय दाखवायचा, असंही विचारलं जातं. पाणवेली आणि सांडपाणी नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या पाण्याशी लोकांचं रोजचं चालणं-बोलणं उरत नाही त्याची काळजी घ्यायला कुणी भांडत नाही, हेही पाहावं. गोदावरीच्या प्रदूषणावर न्यायालयात गेले ते याच शहरातले, या घाटाशी नातं असलेले लोक. अहमदाबादमध्ये महापालिकेनं 1997 मध्ये जुन्या शहरातून, काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत, मार्गदर्शकासह रोजची पायी फेरी सुरू केली. पोळांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या मोहल्ल्यांमधून, जाणारी ती साधी फेरी चालू राहिली, रहिवाशांना आपल्या गल्लीची किंमत कळत गेली, आणि 2017 मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एका फेरीमुळे तो मिळाला असं म्हणणं चूक होईल. पण सुरुवातीची पावलं तिथून पडली.

नाशिकला यासाठी नवं काही बांधायची गरज नाही. सुंदरनारायणापासून सरकारवाडा, भांडी बाजार, तिवंधा, गढी, मग पूल ओलांडून नारोशंकर, दुतोंड्या मारुती, रामकुंड आणि काळाराम अशी एक वाट, त्यावर मराठी आणि हिंदीत नीट फलक, पुराच्या पातळ्यांच्या खुणा, रहाडींच्या जागी जमिनीत एक दगडी पाटी, आणि गल्लीतल्याच मुलामुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण. सिंहस्थाच्या कोट्यवधींच्या आराखड्यात हा खर्च नजरेतही भरणार नाही. महापालिकेनं आणि पुरातत्त्व खात्यानं तो 2027 पूर्वी करावा, आणि पात्रात काँक्रीटचा एकही नवा थर घालू नये. तोवर नाशिकला जाणाऱ्या वाचकांनी एवढंच करावं: रिक्षा रविवार कारंजावर सोडावी आणि सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, काठानं पायी निघावं.