सारथ्याची विश्रांती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की छत्रपती संभाजीनगरातील कितीतरी कुटुंबे युरोपच्या सहलीला निघतात. पॅरिस, ॲमस्टरडॅम, ल्युसर्न, व्हेनिस, रोम अशी शहरे दहा-बारा दिवसांत पाहून होतात. पुलंची ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असा प्रवास खरोखरच अपूर्व होता. आज तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आहे, याचा आनंदच मानला पाहिजे.

परतलेली मंडळी तेथील स्वच्छतेचे आणि शिस्तीचे तोंडभरून कौतुक करतात. एक तक्रार मात्र हमखास ऐकू येते. रस्ता मोकळा असतो, पुढचे शहर खुणावत असते आणि तरीही चालक बस बाजूला घेऊन स्वस्थ बसतो. रात्री ‘जरा रोषणाई दाखवून आणा’ म्हटले, तर तो नम्रपणे पण ठाम नकार देतो.

हा त्याचा अडेलतट्टूपणा नव्हे. साडेचार तास गाडी चालविल्यावर एकूण पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारणतः नऊ तासांचेच चालन आणि रोज सलग अकरा तासांची विश्रांती, असा युरोपीय संघाचा नियम आहे. ठरावीक अपवाद सोडले तर त्यात सवलत नाही. चालकाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद गाडीतील ‘टॅकोग्राफ’ नावाचे यंत्र ठेवते. त्यामुळे मालकाचा आग्रह किंवा प्रवाशांची घाई यांपैकी कशाचेच तेथे काही चालत नाही.

मग आपल्याकडे असा कायदा नाही काय? आहे, आणि तो युरोपच्या सामाईक नियमाहून जुना आहे! तेथील पहिला सामाईक नियम १९६९ चा. आपल्या संसदेने १९६१ सालीच मोटार परिवहन कामगार कायदा करून दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे. उणीव आहे ती मोजण्याची आणि पाळण्याची. गाडी कोठे आहे हे सांगणारी यंत्रे आपल्याकडे आली. चालक किती तास जागा आहे, हे विचारणारा कोणी नाही.

आणि येथे दोष केवळ शासनाचा आहे काय? युरोपात निमूटपणे पाऊण तास थांबणारे आपणच, गावी आल्यावर टेंपो ट्रॅव्हलर ठरवितो आणि एका दिवसात अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर व शिर्डी उरकण्याचा हट्ट धरतो. ‘जरा दाबून घ्या’ हे शब्द आपलेच असतात. रात्री आपण खोलीत निजतो आणि चालक गाडीतल्या आसनावर डासांशी झुंजतो. पहाटे पाचला पुन्हा त्याच्याच हाती आपण आपली मुलेबाळे सोपवितो.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस जीव गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ बारा भाविक मृत्युमुखी पडले. दोन्ही अपघात मध्यरात्रीनंतरचे. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात हे खरे. परंतु रात्रीच्या सरळ रस्त्यावर थकलेले डोळे हा सर्वांत मोठा धोका आहे, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

ज्या समाजाने सारथ्याच्या मुखातून गीता ऐकली, त्याने हे विसरावे, यासारखे दुर्दैव नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे, क्षणाक्षणाला मोल आहे. तरीही घोडे थकलेले पाहून श्रीकृष्ण भर रणांगणात रथ सोडतो, त्यांच्या अंगातील बाण काढतो आणि त्यांना पाणी पाजतो. एवढे करूनही ती प्रतिज्ञा सूर्यास्तापूर्वीच पुरी झाली.

प्रवासी बसगाड्यांत कामाचे तास नोंदविणारे यंत्र शासनाने सक्तीचे करावे. निवासगृहांनी चालकासाठी स्वच्छ खाट राखून ठेवावी. आणि आपण? पुढच्या सहलीला निघताना, गाडीत बसण्यापूर्वी चालकाला एवढेच विचारावे : “दादा, रात्री झोप झाली ना?” युरोपातून आणण्याजोगी याहून मोलाची भेटवस्तू आम्हांस तरी दिसत नाही.