घाटाचे इंजिन

पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिने लावतात. बोरघाट चढून झाला की ती सुटतात. पण समजा, ती पुढच्या सपाटीवरही गाडीला चिकटूनच राहिली तर? हल्ली संगणकात नेमके हेच चालले आहे!

पूर्वी विंडोजसाठी एक प्रोग्रॅम लिहावा, मॅकसाठी दुसरा आणि ब्राउझरसाठी तिसरा, अशी तिहेरी मेहनत असे. २०१३ साली गिटहब कंपनीने यावर तोड काढली. २०१५ साली तिचे ‘इलेक्ट्रॉन’ असे बारसे झाले. वेबपाने ज्या एचटीएमएल-जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यांतच प्रोग्रॅम लिहावयाचा आणि सोबत क्रोमियम हे ब्राउझरचे अख्खे इंजिन बांधून द्यावयाचे. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड असाच घडला. २०२१ पासून तो, थोड्या मर्यादांसह, ब्राउझरमध्येही उघडतो.

सोय झाली खरी. पण असे चार प्रोग्रॅम घेतले की घरात चार इंजिने आली! प्रत्येकाला जागा शंभर मेगाबाइटांच्या वर, आणि जुना संगणक धापा टाकू लागतो. २०२२ साली पक्के रूप घेतलेले ‘टाउरी’ संगणकात आधीपासून असलेलेच इंजिन वापरते, म्हणून त्याचा बोजा हलका.

मग सरळ ब्राउझरच का वापरू नये? कर्जतजवळच्या कडावचा एखादा भाताचा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. भर पावसात नेटवर्क गेले, गिऱ्हाईक दारात उभे, आणि हिशेबाचे पान उघडेना! लिहिणाऱ्याने आधी तजवीज केली असेल, तरच ते नेटवर्कवाचून उघडते. शिवाय ब्राउझरातले पान म्हणजे ओटीवरचा पाहुणा. तुमच्या फायलींच्या माजघरात त्याला परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. त्याने ब्राउझरातच ठेवलेला हिशेब साफसफाईत पुसलाही जातो. इलेक्ट्रॉनचा प्रोग्रॅम घरात थेट वावरतो. म्हणूनच तो अनोळख्याकडून घेऊ नये.

तेव्हा वाचकहो, हिशेबाचा प्रोग्रॅम घेताना विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा : नेटवर्क गेल्यावर हा उघडेल काय? आणि माझी वही नेमकी कोठे राहील? उत्तर देताना तो चाचरला, तर यंदाही लक्ष्मीपूजनाला लाल चोपडीच पाटावर ठेवा. तिला इंजिन लागत नाही!