पेढीची वही आणि तरवडीचे वृत्तपत्र

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगू लागले की मुंबई आणि पुणे ही दोनच नावे प्रथम ओठांवर येतात. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले. त्या दिवसाचे स्मरण म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी पत्रकार दिन साजरा होतो, तालुक्याच्या गावी वार्ताहरांचे सत्कार होतात आणि शाल-श्रीफळाचा खर्च पुष्कळदा बाजारपेठेतील एखादी पेढीच उचलते. या खर्चाचा विषय पुढे पुन्हा येणारच आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरचा, या इतिहासातील वाटा मात्र फारसा बोलला जात नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये याच नगर शहरात सुरू झाले. त्याहून विलक्षण गोष्ट घडली ती ६८ वर्षांनी. २३ नोव्हेंबर १९१० रोजी या जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ नावाचे साप्ताहिक निघाले. लवकरच ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथे गेले आणि १९६७ मध्ये संपादक मुकुंदराव पाटील यांचे निधन होईपर्यंत तेथूनच निघत राहिले. सत्तावन्न वर्षे एक माणूस, एक खेडे आणि एक वृत्तपत्र!

त्या काळी खेड्यातून वृत्तपत्र चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्याने नगरला आगगाडी आली होती खरी, पण तरवडी लोहमार्गापासून दूर. देवनागरी जुळणी म्हणजे जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचे शेकडो निरनिराळे खिळे. ते हाताने एकेक वेचून ओळ उभी करावयाची. कागद बाहेरून आणावयाचा आणि छापलेला अंक टपालाने गावोगाव पाठवावयाचा. ज्यांच्यासाठी अंक काढावयाचा त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणजे गावात एखाद्याने वाचावे आणि पाराभोवती बसलेल्या दहांनी ऐकावे. शिवाय १९१० हे वर्षच वृत्तपत्रांना प्रतिकूल होते. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची हत्या होऊन वर्ष उलटले नव्हते आणि त्याच वर्षी सरकारने छापखान्यांचा नवा कायदा केला होता. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा अधिकार त्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला दिला. न आवडणारा मजकूर छापला तर ती रक्कम जप्त. शहरातील धनिक संपादकालाही जी रक्कम जड जाई, ती खेड्यातील माणसाला किती जड गेली असती, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. ते कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव. भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले होते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचा विचार मांडणारे ते पहिले पत्र. १८८८ मध्ये गणपतराव सखाराम पाटील यांनी ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले, पण ते दीर्घकाळ चालले नाही. मुकुंदराव याच पाटील घराण्यात दत्तक गेले. जन्मदात्याकडून संपादकाची लेखणी आणि दत्तक घराण्याकडून पत्राचे नाव, असा दुहेरी वारसा त्यांच्याकडे आला.

‘सत्यशोधक’ या शब्दाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. फुले यांनी १८७३ मध्ये समाज स्थापिला तेव्हा ‘सत्यवादी’ हा प्रचलित शब्द त्यांना सहज घेता आला असता. सत्यवादी मनुष्याला जे ठाऊक आहे ते तो खरे सांगतो. शोधकाला मात्र घरातून उठून जावे लागते, विचारावे लागते, कागद पाहावा लागतो. बातमीदारी हा व्यवसाय या दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रामाणिक मनुष्यही चौकशी न करता ऐकीव बातमी छापू शकतो, आणि तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाचा वाचकाला काडीइतका उपयोग होत नाही.

आता जैन व्यापारी घराण्यांना ‘दीनमित्रा’चे स्मरण थोडे टोचावे असे एक कारण आहे. मुकुंदरावांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहून गावच्या कुलकर्ण्याची हजेरी घेतली, तशी ‘शेटजी प्रताप’ लिहून सावकाराचीही घेतली. ‘शेटजी-भटजी’ हा जोडशब्द सत्यशोधक लेखनात वारंवार येतो. त्यातील शेटजी म्हणजे नगर जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी मारवाडातून आलेला पेढीवाला, आणि त्यांत जैन घराणी थोडी नव्हती. आजोबा-पणजोबांची पेढी ज्या काळी नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या भागात उभी राहिली, त्याच काळाचे हे चित्र आहे. ते खोटे म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण योग्य नव्हे.

चित्र कोठून आले हे समजण्यासाठी ‘दीनमित्रा’च्या आधीची पस्तीस वर्षे मागे जावे लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. दंगा थोड्याच दिवसांत नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पसरला. लुटालूट झाली, क्वचित घरेही जळाली. परंतु जमावाला मुख्यतः हवे होते ते कर्जाचे कागद. जेथे सावकाराने खते निमूट बाहेर काढून दिली, तेथे बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. सरकारने नेमलेल्या आयोगानेही आपल्या अहवालात हे नोंदविले आहे.

कागदावरच एवढा राग का असावा? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या हिताचा होता. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत बदलून नवे लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून बसे. पुढच्या तीन वर्षांनी पुन्हा तेच. मूळ उचल किती, मधल्या काळात धान्याच्या रूपाने काय फेडले, हे नव्या खतावर कोठेच दिसत नसे. कुळाला अक्षरओळख नाही, अंगठा उठविला की काम झाले. पेढीच्या वह्या तर महाजनी लिपीत. त्या गावच्या शिकलेल्या माणसालाही वाचता येत नसत. न्यायालयापुढे खटला गेला की न्यायाधीश फक्त समोरचे खत पाही, आणि खतावर अंगठा तर असेच. प्रत्येक सावकार लबाड होता असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवून पिढ्यान्‌पिढ्या कुळे दारात आली असेही पेढीवाले होते. परंतु लबाडी करावयाची असेल तर ती पकडणारे कोणीच नव्हते, आणि सारा घोटाळा तेथेच होता. जैन आचारग्रंथांत सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लिखाण करणे हा एक आहे. इतक्या जुन्या काळी खोट्या बोलण्याहून वेगळा असा खोट्या लिखाणाचा दोष काढून दाखविला गेला, यावरून व्यापारी समाजाला कागदाचे सामर्थ्य किती आधीपासून ठाऊक होते हे दिसते.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहावा, खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, कुळाने मागितल्यास पावती आणि वर्षाचा हिशेब द्यावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. खताच्या पाठीमागे जाणे! बातमीदाराचे काम याहून निराळे काय असते?

या साऱ्या प्रकरणात एक बाजू मात्र अर्धवट राहिली. शेतसारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरावा लागे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वाढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले. पण नव्या पाहणीने वाढविलेला सारा तसाच राहिला. पाऊस हुकला तरी सारा चुकत नसे, आणि तो भरावयाचे पैसे शेतकऱ्याला सावकाराच्या दारी मिळत. वसुलीचा मोठा हिस्सा सरकारी खजिन्यात जाई, शिव्याशाप मात्र पेढीच्या वाट्याला येत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जमीनमहसुलाचा हा प्रश्न त्या काळी मांडला. ज्यांच्या घरांवर जमाव चालून गेला, त्या पेढीवाल्यांनी मात्र स्वतःची हकीगत मराठीत लिहून लोकांपुढे ठेवली नाही. रोज संध्याकाळी न चुकता लिहिणारा हा समाज, पण लिहीत असे ते वहीत, आणि वही परक्याने वाचू नये अशीच लिपी. परिणामी इतिहासात शेटजी उरला तो दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रातला.

‘शेटजी प्रताप’ हे असेच एक चित्र आहे. ते विडंबन आहे आणि विडंबनात अतिशयोक्ती असतेच. ‘दीनमित्र’ हे पत्रही उघडपणे एका पक्षाचे होते. आपण कोणाचे मित्र हे त्याने नावातच सांगून टाकले होते. येथे अनेकान्ताचा एक विचार उपयोगी पडतो. वस्तूच्या एका अंगाचे ज्ञान म्हणजे नय. नय अपूर्ण असतो, पण असत्य नसतो. तो असत्य होतो केव्हा? इतर अंगे नाहीतच, असा आग्रह धरील तेव्हा. त्याला दुर्नय म्हणतात. स्वतःची बाजू उघड सांगून लिहिणारे पत्र या दृष्टीने फारसे धोकादायक नसते, कारण वाचक ती वजा करून वाचतो. निःपक्षपातीपणाचा टिळा लावून आत भलत्याचाच माल विकणारे पत्र अधिक घातक. मुकुंदरावांच्या लेखणीत कडवटपणा होता, काही ठिकाणी अन्यायही असेल. परंतु कोणाच्या पैशाने बोलतो हे त्यांना लपवावे लागले नाही.

आणि हेही लक्षात ठेवले पाहिजे की त्या चळवळीत जैन लेखक दुसऱ्या काठावर उभे नव्हते. वालचंद रामचंद कोठारी यांनी १९१७ मध्ये पुण्याहून ‘जागरूक’ हे पत्र काढले आणि ब्राह्मणेतर चळवळीची बाजू हिरिरीने लढविली. पुण्याचे ‘प्रभात’ हे दैनिक १९३२ मध्ये सुरू झाले तेही त्यांनीच सुरू केलेले. अण्णासाहेब लठ्ठे त्यांचे या चळवळीतील सहकारी. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले. व्यापारी परंपरेत वाढलेल्या माणसाने पेढीच्या वहीऐवजी वृत्तपत्राचा कागद हाती घ्यावा आणि रयतेच्या बाजूने लिहावे, ही घटना लहान नाही. समाजाच्या मेळाव्यांत दानशूरांच्या नावांची उजळणी होते तेव्हा कोठारींचे नाव तेथे अभावानेच ऐकू येते, ही मात्र खेदाची गोष्ट.

आता त्या खर्चाचा विषय. अनामत रकमेची भीती आज नाही. वृत्तपत्राचा गळा आवळण्याचे साधन आता बाजारपेठेच्या हाती आले आहे. त्याचे नाव जाहिरात. जिल्हा पातळीवरील पत्राचे उत्पन्न अंकाच्या किमतीतून निघत नाही. ते दिवाळीच्या शुभेच्छांतून, वाढदिवसांच्या पानांतून, सराफी आणि कापड दुकानांच्या जाहिरातींतून निघते. भेसळीच्या धाडीची, थकलेल्या ठेवींची किंवा बुडीत पतसंस्थेची बातमी येऊ घातली की ‘आपण एवढ्या जाहिराती देतो’ हे वाक्य दूरध्वनीवर उच्चारले जाते. ते कोण उच्चारतो हे प्रत्येक बाजारपेठेला माहीत असते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती बातमीच्या वेषात छापून आली, पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले. भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये या विकत घेतलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल लिहिला. त्या अहवालात नावे असल्याने तो पूर्ण प्रसिद्ध करण्यास कौन्सिल आरंभी राजी नव्हते, हा भाग तर अहवालाहूनही बोलका आहे.

जो व्यापारी आपल्या वहीत रोख विक्री आणि उधारी एका खात्यात मिसळू देत नाही, त्याने बातमी आणि जाहिरात एकाच रकान्यात मिसळलेली मुकाट्याने चालवून घ्यावी, हे विचित्र आहे. त्यात व्यवहाराचाही तोटा आहे. कांद्याचा भाव, सोयाबीनची आवक, निर्यातबंदीची आवई यांवर लाखोंचे सौदे ठरतात. पत्र आपल्याविरुद्धची बातमी दाबते हे ज्याने स्वतः अनुभवले, तो त्याच पत्रातील भावाच्या बातमीवर कोणत्या आधाराने विसंबणार?

तरवडीत आज मुकुंदरावांचे स्मारक उभे आहे आणि त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कार दिले जातात. ‘दीनमित्रा’तील लेखन अभ्यासकांनी संपादित करून पुढे आणले आहे. त्यामुळे शेतकऱ्याची बाजू आता वाचावयास मिळते. पेढीची बाजू अजून माळ्यावर आहे. नगर, नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडच्या जुन्या वाड्यांत लाल कापडात बांधलेल्या वह्या, खतांची भेंडोळी आणि सुतळीने बांधलेली जुनी साप्ताहिके पडून असतात. वाडा पाडून इमारत उभी राहताना ती सारी रद्दीत जातात. कोणाला किती दिले, दुष्काळाच्या वर्षी कोणाचे व्याज सोडले, कोणाचे शेत घेतले, साऱ्यापायी कोणत्या महिन्यात किती रोकड गेली, हे सर्व त्यांत आहे. गौरवाचे आहे आणि लाजेचेही आहे. महाजनी लिपी वाचता येणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ बसून वही वाचून घेण्याचे काम करावयाचे असेल, तर त्याला फार वर्षे हाती नाहीत.