सेंट हेलेना : शाळेचे बेट

समुद्रकाठी गेले की माणसे लाटा बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. आम्हीही त्याच बेताने निघालो होतो. अमेरिकेत नोकरीला असलेल्या भाचीकडे आम्ही उभयता गेलो असता तिने दक्षिण कॅरोलिना राज्यातील सेंट हेलेना बेट दाखवायला नेले. ब्यूफर्ट गावातून पुलांवरून मोटार बेटावर जाते. दोन्ही बाजूंना खाडी, उंच गवत आणि मोठमोठे ओक वृक्ष. त्यांच्या फांद्यांवरून करड्या जटा लोंबत असतात.

"मामा, आधी चर्च बघू," भाची म्हणाली. विटांचे हे ब्रिक बाप्टिस्ट चर्च १८५५ साली गुलामांनी बांधले. कापसाच्या मळ्यांचे मालक खाली बसत. ज्यांनी भिंती उभारल्या, त्यांना मात्र वरच्या माळ्यावर जागा! गुलामांना लिहायला शिकविणे या प्रांतात १७४० पासून गुन्हा होता. १८३४ साली वाचायला शिकविण्यावरही बंदी आली.

नोव्हेंबर १८६१ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने हा किनारा जिंकला. मालक पळाले, राबणारे मागे राहिले. १८६२ साली लॉरा टाउन ही गोरी बाई उत्तरेतून आली. एलन मरे या मैत्रिणीसह तिने शाळा काढली, तीच पेन स्कूल. त्याच वर्षी शार्लट फोर्टेन ही कृष्णवर्णीय शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. वर्ग भरू लागले ते याच चर्चमध्ये! काल ज्यांना खाली बसण्याची मुभा नव्हती, ते तेथेच बसून अक्षरे गिरवू लागले. लॉराबाई १९०१ साली मरेपर्यंत याच बेटावर राहिल्या.

शाळा १९४८ साली बंद झाली, पण जागा ओस पडली नाही. आज ते पेन सेंटर आहे, तेथे संग्रहालय आहे. काळे-गोरे एकत्र मुक्काम करू शकतील अशा जागा १९६० च्या दशकात दक्षिणेत फार थोड्या होत्या. म्हणून मार्टिन ल्यूथर किंग सहकाऱ्यांसह येथे विचारविनिमयाला येत. त्यांच्या मुक्कामाचे साधे घर आम्ही पाहिले.

पुढे जुन्या प्रार्थनागृहाचे अवशेष आहेत. शिंपले जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले यांच्या त्या भिंती. १८८६ च्या वणव्यात छप्पर गेले, भिंती उभ्या आहेत. जेवायला कोळंबी, कणीस, बटाटे आणि सॉसेज एकाच पातेल्यात उकडलेले. भेंडीचे कालवण आणि भात पाहून आमच्या सौ. खूश झाल्या.

शेवटी हंटिंग बेटावर १८७५ चा दीपस्तंभ लागतो. समुद्र जमीन खात जवळ आला, म्हणून १८८९ साली हा लोखंडी स्तंभ सुटा करून आत हलविला.

समुद्र जमीन खातो ते दिसते. कागदापायी जाते ते दिसत नाही. युद्धकाळात कर थकलेल्या मळ्यांची जमीन सरकारने विकली, तेव्हा मुक्त झालेल्यांनी पै-पै जमवून लहान तुकडे घेतले. त्यांचे वंशज म्हणजे आजचे गुल्ला लोक. पुष्कळ घरांत मृत्युपत्र झाले नाही, जमीन सामाईक राहिली. दूरच्या एका वारसाने हिस्सा विकला की घेणारा कोर्टात जाऊन सगळीच जमीन लिलावात काढू शके. अशा रीतीने या किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांची जमीन गेली. जवळच्या हिल्टन हेड बेटावर १९५६ साली पूल झाला. आज तेथे फाटकाआडच्या वसाहती आणि गोल्फची मैदाने आहेत. सेंट हेलेनावर असे होऊ नये म्हणून काउंटीने १९९९ साली नियम केला. २०१६ च्या राज्य कायद्याने, लिलाव मागणाऱ्याचा हिस्सा आधी विकत घेण्याची संधी इतर वारसांना मिळाली.

परतताना भाचीने विचारले, "मामा, काय आवडले?" आम्ही शाळा म्हणालो. सौ. मात्र म्हणाल्या, "अहो, गावच्या सातबारावर अजून तुमच्या आजोबांचेच नाव आहे ना?"

आम्ही गप्प बसलो. परत आल्यावर पहिले काम केले ते वारसनोंदीच्या अर्जाचे. वाचकहो, तुमच्याही घरी ते राहिले असेल, तर या रविवारी भावंडे एकत्र बसा.